पाळी गेल्यावर हॉर्मोन घ्यायचे असतील तर: आधी वही, मग डॉक्टर

सांगलीत गावभागात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. ट्रायलच्या पडद्यामागे बायका जे बोलतात ते घरात कुणाजवळ बोलत नाहीत. "मुंढा जरा सैल ठेव" इथून सुरू झालेलं बोलणं पाळीवर येतं, मग झोपेवर, मग एकदम आवाज खाली जातो. "तू ते हॉर्मोन घेतेस ना? कसं असतं गं ते?" दर वेळी तोंडात टाचण्या धरून तेच सांगत बसते, म्हणून आता एकदा लिहून काढते. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं. पण त्यांच्याकडे जाताना काय न्यायचं, काय विचारायचं आणि औषध घरात आणल्यावर कसं वापरायचं, हे मी सांगू शकते. तीन वर्षं घेतेय, आणि सुरुवातीला एक घोळही करून बसले होते.

आधी वही. माझी ऑर्डरचीच वही होती. छाती ३८, कंबर ३२, मुंढा १७ अशी गिऱ्हाइकांची मापं, आणि समासात लाल पेनाने माझ्या रेघा. एक रेघ म्हणजे एक वाफ. इस्त्रीजवळ आलेला घाम धरायचा नाही असं ठरवलं होतं, पण वाफ वेगळी कळतेच. छातीतून उठते, मानेवरून कानामागे चढते, दोन-तीन मिनिटांत ब्लाउज पाठीला चिकटतो आणि घाम सुकला की हुडहुडी भरते. एका गुरुवारी चौदा रेघा आहेत. रात्रीच्या रेघांना गोल केलेला, त्यातले चार गोल एकाच रात्रीचे. त्याच आठवड्यात एका बाईंच्या रेशमी ब्लाउजवर हात लावताना माझ्या कपाळाचा घाम पडला. रेशमावरचा घामाचा डाग निघत नाही. कापड भरून द्यावं लागलं, ते वेगळंच.

ती वही न घेता मी पहिल्यांदा एका डॉक्टरांकडे गेले होते. "फार गरम होतं, झोप नाही" एवढंच सांगितलं. "वय झालं की होतंच, कॅल्शियम घ्या," म्हणून चार मिनिटांत बाहेर. वर्षाने मिरजेला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले ती वही घेऊनच. त्यांनी स्वतः पानं उलटली, चौदा रेघांवर बोट ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, निदान चार आठवडे लिहा. वाफा दिवसा किती, रात्री किती. झोप कितीदा मोडली. शेवटची पाळी कोणत्या तारखेला. लघवीला जळजळ, खाली कोरडेपणा, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, हेही लिहा. बोलायला जड जातं, लिहिलेलं पुढे सरकवता येतं. सांधेदुखी, धडधड, विनाकारण रडू येणं हेही. आणि शेवटच्या पानावर घरातली दुखणी: आई, बहिणी, मावश्या यांच्यात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का, कितव्या वर्षी, कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का. रोजच्या गोळ्यांची नावं आठवत बसू नका, पाकिटंच पिशवीत टाका.

तपासणीबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. सलग बारा महिने पाळी आली नाही की तिला गेली म्हणतात. आपल्याकडे हे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेपेक्षा चारेक वर्षं आधी. पंचेचाळिशीच्या पुढची बाई असेल, पाळी पुढेमागे होत असेल आणि वाफा येत असतील, तर ते ओळखायला हॉर्मोनची रक्ततपासणी सहसा लागत नाही. त्या वयात आकडे आठवड्याआठवड्याला बदलतात. मी आधी हजारभर रुपये त्यातच घातले. चाळिशीच्या आत पाळी गेली तर मात्र ती तपासणी हवीच, आणि लगेच हवी.

जाऊबाईंची गोळी

आता माझा घोळ. जाऊबाईंची गर्भाची पिशवी काढलेली. त्यांना एस्ट्रोजेन या हॉर्मोनची गोळी चालू होती आणि वाफा अगदी थांबल्या होत्या. मी म्हटलं, दोघी एकाच वयाच्या, एकाच घरातल्या. मेडिकलवाल्याने पाकीट बघून दिली. मी चार महिने घेतली. वाफा थांबल्या, झोप लागायला लागली, मी खूश. पाचव्या महिन्यात अंगावरून जायला लागलं. पाळी जाऊन वर्ष उलटलेलं. म्हणजे घाबरण्यासारखंच.

सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर अकरा मिलिमीटर निघालं. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं आणि अस्तर चार मिलिमीटरच्या वर असलं की डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवतात. तो अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी एकही नवीन ऑर्डर घेतली नाही, कात्रीच धरवत नव्हती. अहवाल चांगला आला.

का झालं ते डॉक्टरीणबाईंनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. एस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवत नेतं, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन त्याला आवर घालतं. जाऊबाईंना पिशवीच नाही, म्हणून त्यांना एकटं एस्ट्रोजेन चालतं. मला पिशवी आहे, म्हणून मला दोन्ही हवीत, नाहीतर अस्तर वाढत राहतं आणि त्यातून कर्करोगही होऊ शकतो. अमेरिकेत एकटं एस्ट्रोजेन सर्रास दिलं जायचं तेव्हा नेमकं हेच झालं. १९७५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी पिशवीच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दाखवला आणि मग प्रोजेस्टेरॉन जोडलं गेलं. तेव्हा कुणाचीही गोळी उचलून घेऊ नका, सख्ख्या बहिणीचीसुद्धा नाही. आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी हे सांगा: पिशवी आहे का, अंडाशय आहेत का. पुष्कळ बायकांना ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढलं हेच माहीत नसतं. जुना डिस्चार्ज कागद शोधून न्या.

कुणी घ्यायची नाही

स्तनाचा किंवा पिशवीचा कर्करोग झालेला, कारण न सापडलेला रक्तस्राव चालू असलेला, पायात-फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेला, यकृताचा आजार चालू असलेला, अशांना सर्वसाधारणपणे देत नाहीत. अशा बाईने वाफा सोसतच राहायचं असं नाही. मनाच्या औषधांपैकी काही लहान मात्रेत वाफांवर चालतात, मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर काम करणारं नवीन बिगरहॉर्मोन औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. डॉक्टरांना थेट विचारा, "हॉर्मोनशिवाय काय आहे?"

सुरू करण्याआधी माझं रक्तदाब, वजन, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, पॅप म्हणजे पिशवीच्या तोंडाची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, हे सगळं झालं. मॅमोग्राफीला बायका घाबरतात. दाबतात तेव्हा दुखतं, खोटं कशाला बोलू, पण प्रत्येक बाजूला काही सेकंदांचंच काम. त्या दिवशी काखेत पावडर लावून जाऊ नका, फोटोत ठिपके दिसतात.

"कॅन्सर होतो म्हणे"

हा प्रश्न पडद्यामागे हमखास येतो, म्हणून इथे जरा थांबते. ही भीती आली २००२ च्या जुलैमध्ये. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर एक मोठा अभ्यास चालू होता, तो मध्येच थांबवला आणि जगभर बातमी झाली. त्यातली औषधं कोणती? गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं एस्ट्रोजेन, पोटातून घ्यायची गोळी, आणि सोबत कृत्रिम प्रोजेस्टेरॉन. बायका किती वयाच्या? सरासरी ६३. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या कितीतरी.

आकडा असा होता: औषध न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, घेणाऱ्यांत ३८. दहा हजारांत आठ जास्त. शून्य नाही, आणि ज्या आठ जणी असतील त्यांच्या घरी ते शंभर टक्केच असतं. पण "गोळी घेतली की कॅन्सर" हेही खरं नाही. हाडं मोडण्याचं प्रमाण त्याच अभ्यासात कमी झालं. पिशवी काढलेल्या बायकांचा वेगळा गट होता, त्यांना एकटं एस्ट्रोजेन दिलेलं. त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, पक्षाघात मात्र वाढला.

त्यानंतर वयाप्रमाणे आकडे पुन्हा तपासले गेले आणि आता डॉक्टर ज्या हिशेबाने चालतात तो असा: साठीच्या आत असाल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, त्रास खरोखर असेल आणि वर सांगितलेली कारणं नसतील, तर बहुतेकींना फायद्याचं पारडं जड असतं. पासष्टीला पहिल्यांदा सुरू करायला माझ्या डॉक्टरीणबाई तयार नसतात. माझ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी सरळ नाही सांगितलं आणि तिच्या हाडांसाठी वेगळं औषध दिलं.

आणखी एक. नुसतं "त्वचा तरुण राहील" म्हणून घ्यायची ही गोष्ट नाही. ज्या दुकानात हे वाक्य ऐकू येईल तिथून पर्स उचलून बाहेर पडा.

जेल आणि कॅप्सूल, रोजचं

मला एस्ट्रोजेनचं जेल मिळालं, गोळी नाही. कारण पोटातून घेतलेलं एस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं, तिथे गुठळी करणारे घटक वाढतात. त्वचेतून गेलेलं यकृताला वळसा घालून जातं, त्यामुळे गुठळीची भीती नेहमीच्या मात्रेत वाढत नाही. शिवाय मला थायरॉइडची गोळी आहे. पोटातल्या एस्ट्रोजेनमुळे तिची मात्रा वाढवावी लागू शकते, जेलमुळे सहसा लागत नाही. थायरॉइडवाल्या बायकांनी हे लक्षात ठेवा, आपल्यात त्या घरटी एक आहेत. गोळी स्वस्त पडते आणि जेल महाग, हेही खरं. इंग्लंडमध्ये असलेली माझी भाची त्याच औषधाची चिकटपट्टी, म्हणजे पॅच, चिकटवते, आमच्या मेडिकलमध्ये तो मला मिळाला नाही.

माझ्या नळीसोबत प्लास्टिकची पट्टी येते, तिच्यावर खूण असते. पूर्ण खुणेपर्यंत अडीच ग्रॅम जेल, त्यात दीड मिलिग्रॅम एस्ट्राडायोल, म्हणजे एस्ट्रोजेनच. मला सुरुवातीला निम्म्यावर ठेवलं होतं. मी मापाची बाई, तरी पहिले दोन दिवस अंदाजाने बोटावर घेतलं आणि ते जास्त झालं; छाती दुखायला लागली. पट्टी वापरा.

सकाळी आंघोळ झाली की अंग खडखडीत पुसायचं. दंडाच्या बाहेरच्या बाजूने खांद्यापर्यंत पातळ पसरायचं, किंवा मांडीच्या आतल्या बाजूला. चोळत बसायचं नाही, ती काही तेलमालीश नाही. छातीवर कधीच लावायचं नाही. पाच मिनिटं हात जरा लांब धरून वाळू द्यायचं. मी तेवढ्यात चहा ठेवते. वाळल्यावरच ब्लाउज. नंतर तासभर तरी तिथे पाणी, साबण, क्रीम नको. लावून झाल्यावर हात साबणाने धुवायचे. आणि घरात लहान मूल असेल तर त्याला त्या दंडावर घेऊ नका, त्वचेवरून त्याच्या अंगात जातं. पुतण्याची मुलगी सकाळी उठली की माझ्या गळ्यात पडते, म्हणून मी दंड सोडून मांडीवर लावायला लागले.

प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री. मला १०० मिलिग्रॅम, रोज, झोपताना. तिने गुंगी येते, आणि खरं सांगायचं तर मला तीच आवडते. सकाळी घेतली तर शिलाई मशीनवर बोट शिवून घ्याल. पाळी नुकतीच, वर्षाच्या आत गेली असेल तर हीच कॅप्सूल महिन्यातले बारा-चौदा दिवस दुप्पट मात्रेत देतात आणि मग पाळीसारखं रक्त येतं. ते ठरलेलंच असतं. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, शेंगदाणा बाधत असेल तर आधीच सांगा. आणि कंटाळा आला म्हणून जेल ठेवून कॅप्सूल सोडू नका. माझी गोष्ट वर सांगितलीच आहे.

वाफा दुसऱ्या आठवड्यापासून कमी व्हायला लागल्या. वहीत सहाव्या आठवड्याच्या पानावर दिवसाला दोन रेघा आहेत, तिसऱ्या महिन्यात कोरे समास. पहिले तीन-चार महिने मधूनच डाग दिसला, छाती जड वाटली. रोजच्या पद्धतीत असं सुरुवातीला होतं. सहा महिन्यांनंतरही रक्त दिसत राहिलं, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफीला जायचंच. एका पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली, एकदम दम लागला, छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली, तर वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. पहिली तपासणी तीन महिन्यांनी, मग वर्षातून एकदा.

हे गर्भनिरोधक नाही, हेही सांगून ठेवते. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायची असते. सत्तेचाळीसच्या एका बाई यावर खूप हसल्या. मग गप्प झाल्या.

खालच्या कोरडेपणासाठी

नुसता हाच त्रास असेल, लघवीला वारंवार संसर्ग होत असेल, तर सगळ्या अंगात हॉर्मोन घालायची गरज नसते. तिथेच लावायची एस्ट्रोजेनची क्रीम मिळते. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. अंगात फारच थोडी जाते, त्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. वाफा काही वर्षांनी बहुतेकींच्या आपोआप जातात, हा कोरडेपणा जात नाही, वाढतच जातो. बायका सगळ्यात कमी याबद्दल बोलतात आणि सगळ्यात जास्त यानेच कावतात.

ऊसतोडीच्या पोरी

साखर कारखाने सुरू झाले की आमच्या भागात बीडकडच्या टोळ्या येतात. दोन वर्षांमागे टोळीतली एक पोर ब्लाउज शिवायला आली. वय चौतीस. ट्रायलला उभी असताना तिला वाफ आली, मी बघताक्षणी ओळखली. पिशवी काढलेली, सोबत अंडाशयही काढलेले, तीस वर्षांची असताना. २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला, सरकारने समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यातल्या पाहणीत ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

वर जे आकडे आणि भीती सांगितली ती पन्नाशीच्या पुढच्या बायकांची. अशा पोरींचा हिशेब उलटा असतो. अंडाशय तिशीत काढले की जे एस्ट्रोजेन अजून वीस वर्षं अंगात असायला हवं होतं ते एका दिवसात जातं. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचे आजार लवकर गाठतात. म्हणून घेऊ नये असं काही कारण नसेल तर निदान पन्नाशीपर्यंत हॉर्मोन भरून देतात. पिशवी काढून अंडाशय ठेवले असले, तरी ते काही वर्षं आधी थकू शकतात, आणि पाळी येतच नसल्याने ते कळत नाही. त्या पोरीला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी तिला कागदावर लिहून दिलं: "माझे अंडाशय काढले आहेत, वय ३४, मला हॉर्मोन लागतील का?" आणि सांगितलं, गावी गेलीस की सिव्हिलच्या बाईंपुढे हा कागद धर. ब्लाउज घेऊन गेली. पुढच्या हंगामात तिची टोळी दुसऱ्या कारखान्याला लागली, त्यामुळे पुढचं मला कळलं नाही.

अहोंचा प्रश्न

माझं सुरळीत झालेलं बघून अहो म्हणाले, "पुरुषांचं पण असतं म्हणे, टेस्टोस्टेरॉन." असतं. पण आमच्यासारखं एका वळणावर कोसळत नाही, वर्षावर्षाने थोडं थोडं उतरतं. त्याची तपासणी सकाळच्या वेळी करायची, आणि कमी आलं तर आणखी एखाद्या वेगळ्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा कमी आणि त्रासही असेल तरच पुढचं बोलणं. अहोंचं दोन्ही वेळा ठीक निघालं. पोट कमी करायला सांगितलं, ते अजून चालू आहे.

किती वर्षं घ्यायचं, याला सगळ्यांना एकच उत्तर नाही. दर वर्षी मॅमोग्राफीचा अहवाल घेऊन बसायचं आणि दोघींनी मिळून ठरवायचं, अजून गरज आहे का, मात्रा उतरवायची का. स्तनाच्या कर्करोगाची शक्यता दोन्ही औषधं मिळून जितकी वर्षं घ्याल तितकी थोडी थोडी वाढते, म्हणून हे बोलणं टाळायचं नाही. मी मागच्या उन्हाळ्यात उतरवून बघितलं, ते चुकलंच. मे महिना आणि लग्नसराई. वहीत पुन्हा रेघा आल्या. आता दिवाळीच्या ऑर्डरी संपल्या की थंडीत पुन्हा प्रयत्न करायचा ठरलंय. तोवर नळी संपायच्या आठ दिवस आधी दुसरी सांगून ठेवते, कारण आमच्या मेडिकलवाल्याकडे ती मागवल्याशिवाय येत नाही.